मागचे दोन शॉक आणि अप्पांची तार

मी, वैष्णवी हौसेराव फडतरे, वय २६ वर्षे, धंदा गॅरेजकाम, राहणार गॅरेजच्या वरची खोली, तळवली, घणसोली, नवी मुंबई, हे मृत्युपत्र लिहिण्याआधी एक चूक दुरुस्त करते. २३ सप्टेंबर २०२५ रोजी पोलिसांना दिलेल्या जबाबात मी सांगितलं होतं की आमचा गिऱ्हाईक दिपेश याच्या गाडीचे चारही शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आम्ही बदलले होते, आणि गाडी बाहेर गेली तेव्हा मी गॅरेजमध्ये नव्हते. दोन्ही खोटं आहे. पुढचे दोनच शॉक बदलले होते. मी गॅरेजमध्ये होते. गाडी मीच सोडली.

ही दुरुस्ती सगळ्यात वर लिहिली, कारण या कागदाच्या साक्षीदार जयमालाकाकू म्हणतात, मृत्युपत्र वाचणारे घाईत असतात. घर कुणाला ते बघतात आणि बाकीची पानं उलटतात.

माझी बुद्धी शाबूत आहे. झोप कमी लागते आणि शटरचं कुलूप मी तीनदा ओढून बघते, पण ते आठवीपासूनचं आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. दबाव आला तो न लिहिण्यासाठी, त्याबद्दल कलम ७ मध्ये लिहिलं आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. घर. गॅरेज आणि वरची खोली माझे वडील हौसेराव यशवंत फडतरे, म्हणजे अप्पा, यांच्या नावावर आहे. त्यावर माझा हक्क मी सांगत नाही आणि माझ्या पश्चात माझ्या वतीने कुणी सांगू नये. खोलीतलं लोखंडी कपाट आईचं आहे. कपाटाची किल्ली चिकटते, तेल घालून फिरवावी.

२. ठेव. बँकेत माझ्या नावावर एक मुदत ठेव आहे. तिच्यावर वारस म्हणून आईचं, शालन हौसेराव फडतरे यांचं, नाव आहे, ते तसंच राहावं. ही रक्कम दिपेशच्या आईला, गोजराबाईंना, द्यावी असं मला फार वाटलं होतं. दोनदा तसं लिहिलं आणि दोनदा खोडलं. मेल्यावर पैसे पाठवले तर ती मुलाची किंमत ठरेल, आणि किंमत मी ठरवली असं होईल. त्यांना काय हवं ते मी त्यांनाच समोर विचारणार आहे.

३. हत्यारं. टॉर्क पाना अप्पांना द्यावा. तो मी माझ्या पहिल्या कमाईतून घेतला तेव्हा अप्पा हसले होते. "नट किती आवळायचा ते हाताला कळत न्हाई व्हय? आता काटा सांगणार?" अप्पांचा अंगठा दोन वर्षांपासून दुखतो. पाना वापरावा. मी बघायला नसेन, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

स्प्रिंग दाबायचे दोन क्लॅम्प कुणालाही देऊ नयेत. डाव्याच्या आट्या झिजल्या आहेत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. भंगारात टाकताना आधी करवतीने कापून टाकावेत, नाहीतर कुणीतरी उचलून पुन्हा वापरेल.

शिवतेजदादाला, माझ्या भावाला, माझे रबरी हातमोजे. दादा खांदेश्वरला राहतो, ऑफिसात जातो आणि आमच्या गॅरेजला ग्रीसचं दुकान म्हणतो. पोलीस दुसऱ्यांदा येऊन गेले त्या दिवशी तो मला म्हणाला, "अप्पांचं वय बघून जामीन लगेच होईल. तुझं तसं नाही. तू डोकं लावू नकोस." मोजे त्याने एकदा घालून बघावेत.

४. काम. ज्यांना या कामातलं कळत नाही त्यांच्यासाठी लिहिते, कारण पोलिसांनाही मी हे नीट सांगितलं नाही.

गाडी खाली बसवायची म्हणजे कंपनीची स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग टाकायची. तिच्या मापाचा आखूड शॉक सोबत लागतोच. जुना लांब शॉक तसाच ठेवला तर उभ्या गाडीत काही कळत नाही, दिसायला ती झोकदारच दिसते. पण चढावरून उतरताना चाक क्षणभर लोंबलं की लांब शॉक पूर्ण उघडतो आणि आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल पडते. ती परत नीट बसेल किंवा बसणार नाही.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. मी नववीत असताना अप्पांनी मला गाडीखाली घेतलं. गाडी वर उचलायची, चाक लोंबतं सोडायचं, स्प्रिंगला हात घालून फिरवायची. "हाताला फिरली, तर गाडी जागची हलवायची न्हाई. गिऱ्हाईक राजा असला तरी न्हाई."

आणि त्यासाठी अप्पांची तार. काम अर्धं असेल त्या गाडीच्या स्टिअरिंगला अप्पा बांधायची तार गुंडाळतात. तीन पीळ, आणि टोकं डावीकडे वळवलेली. मी उजवीकडे वळवते, त्यावरून कुणी बांधली ते कळतं. ज्याने बांधली त्यानेच सोडवायची. साधी तार आहे, पक्कड असलेला कुणीही कापेल. गॅरेजच्या बावीस वर्षांत कुणी कापली नव्हती.

५. शनिवार, २० सप्टेंबर. दिपेश दिवाळे गावचा. वय चोवीस. तो आला की आईसाठी सुके बोंबील आणायचा, त्याच्या आईने वाळवलेले. त्याच्या पांढऱ्या गाडीच्या चारही स्प्रिंग आणि पुढचे दोन शॉक मी बसवले होते. मागच्या शॉकचा खोका पुण्याहून यायचा होता. अप्पांनी तार बांधली आणि सामान आणायला तुर्भ्याला गेले.

पाचच्या सुमाराला दिपेश आला.

"ताई, उद्या सकाली सगली पोरं गाऱ्या घेऊन जमनार हान. फोटोपुरती नेतो. सोमवारी परत लावतो तुज्या दारात."

"मागचे शॉक यायचेत. अप्पांनी तार बांधलीय."

"तार म्हंजी काय कोर्टाचा स्टे हाय?"

मी हसले. हे हसणंही जबाबात नव्हतं.

"हलू चालवीन. आयची आन."

"अप्पा आले की विचार."

तेव्हा तो म्हणाला, "गारी बनवली तू, नि सोडनार अप्पा? मंग बोर्डावर तुजा नाव कवा यायचा?"

त्याने चिडवायला म्हटलं. मला ते लागलं, कारण तेच मी कितीतरी दिवस मनात म्हणत होते. मी गाडी वर घेतली, मागचं डावं चाक लोंबतं सोडलं आणि स्प्रिंगला हात घातला. स्प्रिंग फिरली. हे मला माहीत होतं आणि हाताला कळलं. तरी मी गाडी खाली घेतली, पक्कड आणली आणि तार कापली. त्याला म्हटलं, "चाळीसच्या वर नाही."

"व्हय गो बोर्डवाली," म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी उरण फाट्याजवळच्या पुलावरून उतरताना मागचं डावं चाक उचललं गेलं, स्प्रिंग बैठकीतून निसटली आणि गाडी फिरून दुभाजकावर आपटली. दिपेश जागीच गेला. त्याचा वेग किती होता ते मला माहीत नाही. सत्तर होता असं एकजण म्हणतो. पहिल्या दिवशी मी त्या सत्तरला धरून बसले होते. पण वेग साठ असो की सत्तर, बैठकीत बसलेली स्प्रिंग निसटत नाही.

६. वस्तू, ज्या वाटायच्या नाहीत.

(अ) मागच्या दोन शॉकचा खोका सोमवारी, २२ तारखेला, कुरिअरने आला. वर दिपेशचं नाव आहे. माळ्यावर आहे, उघडलेला नाही. तो परत पाठवू नये, विकू नये, दुसऱ्या गाडीला बसवू नये. भगवानदादांनी, म्हणजे दिपेशच्या थोरल्या भावाने, मागितला तर त्यांना द्यावा. नाहीतर पोलिसांना.

(आ) कापलेल्या तारेचे दोन तुकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. टोकं डावीकडे वळलेली आहेत. त्यावरून सिद्ध होतं की अप्पांनी गाडी थांबवली होती. अप्पा सांगतात की तार त्यांनीच कापली. अप्पांना काढायची असती तर त्यांनी पीळ उलगडला असता. ते तार वाया घालवत नाहीत. ही तार मधोमध कापलेली आहे.

(इ) लाल मुठीची पक्कड. डब्यातच आहे.

७. अप्पा आणि मी. गाडीची तपासणी झाली, मागचे शॉक जुने निघाले आणि पोलीस पुन्हा आले. मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "गाडी मी सोडली, साहेब. पोरीला काय म्हाईत न्हवतं." मी गप्प राहिले. तार कापणं आणि खोटा जबाब यांच्यानंतर माझ्या आयुष्यातलं हे तिसरं वाईट काम.

अप्पांना मंगळवार, १८ नोव्हेंबर रोजी पुन्हा बोलावलं आहे. तेव्हा ते लेखी सही देणार आहेत. गेल्या रविवारी जेवताना मी सांगितलं की त्याआधी मी जाऊन खरं सांगणार.

अप्पा भाकरी मोडत होते. "गॅरेज कुणाचं?"

"तुमचं."

"बोर्डावर नाव कुणाचं?"

"तुमचं, अप्पा."

"मग गाडी मीच सोडली."

"पण तार तुम्ही बांधली होती. तुम्ही तर थांबवली होती."

"साठ झाली माझी. मी आत बसलो काय, भाईर बसलो काय, सारखंच. तू सव्वीसची हायेस." मग ताट सरकवून म्हणाले, "गेलीस, तर हौसेरावला पोरगी न्हवती असं समजीन. तू आम्हांला मेलीस."

आई म्हणाली, "अहो, जेवताना काय बोलताय?" तेव्हापासून अप्पा माझ्याशी बोललेले नाहीत.

जयमालाकाकू आमच्या जुन्या गिऱ्हाईक, कोर्टात कारकून होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, या वयात लग्नाच्या याद्या करतात. आणि जबाब बदलायला मृत्युपत्र कशाला लागतं? ते मेल्यावर लागू होतं." मी म्हटलं, अप्पांच्या हिशेबी मी त्या दिवशी मरणारच आहे. त्या हसल्या नाहीत. मग मी त्यांना भगवानदादांचं सांगितलं, आणि त्यांनी स्वतःहून कागद काढून दिले.

८. भगवानदादा. ते दर शनिवारी पाच वाजता गॅरेजसमोर रस्त्याच्या पलीकडे मोटरसायकलवर बसून राहतात. इंजिन बंद करत नाहीत. अर्धा तास गॅरेजकडे बघतात आणि जातात. सात शनिवार झाले. एकदाच ते आत आले. अप्पा नव्हते. आपला हात त्यांनी लिफ्टच्या खांबावर ठेवला, जिथे दिपेश टेकून उभा राहायचा, आणि मला म्हणाले, "मना पैसा नको, केस नको. गारी कुनाच्या हातान भायेर गेली, येवरंच सांग. मंग मी नि तो."

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुजा बाप सांगतं, त्याच्या हातान. बापाचं हात बघलं मी. तो खोटा बोलतंय." मग माझ्या हातांकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

म्हणून मी पोलिसांकडे जाण्याआधी दिवाळ्याला जाणार आहे. मला विचारलं ते त्यांनी, म्हणून उत्तर आधी त्यांना मिळायला हवं. गोजराबाई सकाळी साडेआठपर्यंत घरी असतात, नंतर मासळी घेऊन बसतात. त्या घरात असताना मी जाईन. एकटी जाईन. शिवतेजदादाला किंवा आणखी कुणाला बरोबर नेलं तर ते सांगणं राहणार नाही, भांडण होईल.

माझं तिथे काही बरंवाईट झालं तर भगवानदादांवर राग धरू नये. पण ते झालं तर हे कागद साक्षीदारांनी त्याच दिवशी पोलिसांकडे पोचवावेत, म्हणजे मंगळवारी अप्पांना सही करावी लागणार नाही. हे मृत्युपत्र करण्याचं मुख्य कारण हे कलम आहे. बाकीची कलमं त्याच्यासाठी आहेत.

९. स्कूटर. आईला द्यावी. ती शिकेन शिकेन म्हणते. मागचा शॉक नवीन आहे.

स्कूटरबद्दल आणखी एक गोष्ट. काल, मंगळवारी, सकाळी मी खाली आले तर हँडलला तार गुंडाळलेली होती. तीन पीळ. मी ब्रेक तपासले, दोन्ही केबल बघितल्या, चाकाचे नट बघितले. सगळं ठीक आहे. त्या तारेने काहीही धरलेलं नाही. टोकं डावीकडे वळवलेली आहेत.

अप्पा शटरपाशी पाठमोरे बसून बेअरिंग धूत होते. मी तिथे उभी होते हे त्यांना माहीत होतं. ही तार मला अडवण्यासाठी आहे, की माझं काही अर्धं राहिलंय असं त्यांना वाटतं म्हणून आहे, हे मी सहा तास विचार करूनही ठरवू शकले नाही. अप्पांनी आयुष्यात गाडीशिवाय कशालाही तार बांधलेली नाही.

तीन वेळा जाऊन बघितली. अजून आहे. चालत किंवा रिक्षाने जाणं सोपं आहे, हे मला कळतं. पण मग तार तशीच राहील, आणि मी तिला वळसा घालून गेले असं होईल. एकदा मी अप्पांची तार त्यांच्या पाठीमागे कापली. या वेळी अप्पांना दारात बोलावीन, दिसेल अशी उभी राहीन आणि मग कापीन. पक्कड डब्यातली, लाल मुठीची. नंतर ती परत डब्यात ठेवीन आणि डबा सोबत नेईन. म्हणजे कलम ६ मधला डबा घरी सापडला नाही तर तो चोरीला गेलेला नाही, माझ्याजवळ शोधावा.

१०. बोर्ड. अप्पांनी बोर्डावर माझं नाव लिहायचं कधी ठरवलं असेल तर ते लिहू नये.

वर लिहिलेलं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि आता त्यात काही खोटं उरलेलं नाही. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिलं, मी त्यांना करताना पाहिलं. दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही.

सही: वैष्णवी हौसेराव फडतरे

साक्षीदार १: जयमाला नंदकुमार साठ्ये, खांदेश्वर. (काकूंनी सही करताना विचारलं, "तारीख पुढे ढकलता येणार नाही का गं?" नाही म्हटलं.)

साक्षीदार २: सयाजी रामू बाबर, माथाडी कामगार, आमचे शेजारी, तळवली.

ठिकाण: तळवली, नवी मुंबई

लिहिल्याचा दिनांक: बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

तार कापण्याचा दिनांक: सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी साडेसात