एक जूनला जन्मलेली मुलं

मी, एकनाथ गोविंद बोधनकर, वय सुमारे एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापक, मूळ राहणार अमरावती, हल्ली मुक्काम मुलाकडे, फ्रिस्को, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, पण मृत्युपत्राला त्या लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. उलट घरातल्या सगळ्यांचा दाब मी हे लिहू नये असाच आहे. टेक्सासात हातानं लिहिलेलं साक्षीदारांशिवायही चालतं म्हणे. चालत असेल. आपल्याकडे दोन लागतात, म्हणून दोन घेतले आहेत. इंग्रजी तर्जुमा सूनबाई शिवांगीनं करावा आणि माझे टोमणे गाळू नयेत.

हे आत्ताच का, तेही सांगतो. बुधवारी माझी बायपास ठरली होती, ती मी कॅन्सल केली. शनिवारी, ११ मार्चला, मी ब्रसेल्सला निघतो आहे. डॉक्टर म्हणाले, विमानात काहीही होऊ शकतं. तेव्हा आधी हे काम.

कलम १. अमरावतीचा राजापेठेतला फ्लॅट चिरंजीव सत्यजित याला, कलम ६ मधल्या अटीवर. त्यानं माझा पासपोर्ट गराजमध्ये टॅक्सच्या फायलींखाली लपवला होता. मला सापडला आहे. लपवणाऱ्यानं निदान बापाच्या डोळ्यांदेखत गराजमधून हात झटकत येऊ नये.

कलम २. कैलासवासी पत्नी सुमित्रा हिची मोहनमाळ आणि पाटल्या शिवांगीला. शनिवारी एअरपोर्टला मला तीच सोडणार आहे. मी सांगितलं म्हणून ती सोडते आहे, नंतर तिला कोणी बोल लावू नये.

कलम ३. बँकेत जे काही आहे ते नात सई हिच्या कॉलेजला. सतरा नंबरची जर्सीही तिलाच, कारण या घरात फुटबॉल तिलाच कळतो. मला ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत नीट कळलेलं नाही.

कलम ४. ही जर्सी ज्यानं पाठवली त्याच्याविषयी.

झांबियातल्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात मी १९७४ ते १९९३ मास्तरकी केली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक म्हणून. १९८७च्या जानेवारीत एक बाई मुलाचं नाव घालायला आली. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, झाडांवर खायच्या अळ्या आल्या होत्या तेव्हाचा. मी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. धरला. म्हणजे शाळेचं वय झालं होतं. आता, आमच्या अमरावती जिल्ह्यात ज्याची तारीख कोणालाच ठाऊक नाही त्याची मास्तर एक जून लावत, कारण शाळा जूनमध्ये उघडते. झांबियात शाळा जानेवारीत उघडते! पण हाताला वळण पडलेलं. मी एक जून लावली. वर १९७९ च्या जागी १९८० टाकलं, पुढे सरकारी नोकरीत तेवढंच एक वर्ष जास्त मिळेल म्हणून. पोराचं भलं करतोय असंच वाटत होतं. अशी निदान चाळीस मुलं मी एक जूनला जन्माला घातली आहेत.

ह्या मुलाचं नाव अ‍ॅबेल चिशिंबा. प्लॅस्टिकच्या पिशव्या दोरीनं आवळून केलेला चेंडू घेऊन वर्गात येई आणि बाकाखाली पायांशी चाळा करी. भागाकार मात्र बाकी उरवल्याशिवाय कधी सुटला नाही. एकोणिसाव्या वर्षी तो बेल्जियमला गेला, दुसऱ्या दर्जाच्या एका क्लबात. बेकरीवरच्या खोलीत राहायचा. पहिला बर्फ पडला तेव्हा त्यानं मला अमरावतीला फोन केला होता, 'बा टीचर, इथं मैदान पांढरं झालंय, चेंडू कुठला आणि रेषा कुठली?' तिकडच्या भाषेत मानानं हाक मारताना आधी 'बा' लावतात. पुढे गुडघा फाटला, आठ महिने बसला, पुन्हा उठला, पहिल्या दर्जाच्या क्लबात गेला. तिथे राखीव खेळाडूंतून सुरुवात करून दोन वर्षांत तो संघाचा आधार झाला. खाणीच्या वस्तीतल्या घरात आता आई आणि चार बहिणी त्याच्या पायांवर जगतात. आजही दर रविवारी फोन करतो.

२००१ साली त्या नव्या क्लबाचं मला पत्र आलं होतं. खेळाडूची जन्मतारीख १ जून १९८० बरोबर आहे का, आणि ती कोणी सांगितली? मी मुख्याध्यापक! माझ्या रजिस्टरावर शंका? छाती पुढे काढून लिहून दिलं की तारीख अचूक असून ती आईनं माझ्यासमोर सांगितली आहे. खाली सही, आणि येताना बरोबर आणलेला शाळेचा जुना शिक्का. ते धादांत खोटं होतं आणि लिहिताना मला ते पक्कं ठाऊक होतं.

आता कोणीतरी मिशनच्या चर्चमधून त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद काढली आहे, डिसेंबर १९७९ ची. जन्माआधी सहा महिने बाप्तिस्मा! त्यात माझ्या शाळेतली आणखी दोन पोरं युरोपात खेळतात, त्यांचीही एक जूनच. तिथलं फुटबॉल मंडळ म्हणतं, ही कागदपत्रं कारखान्यात बनली, मुलगा आणि मास्तर सामील आहेत. दोन वर्षांची बंदी घालणार. फुटबॉलवाल्याला सव्विसाव्या वर्षी दोन वर्षं घरी बसवलं की खेळ खल्लास.

मंगळवारी, १४ मार्चला, सुनावणी आहे. मी म्हटलं, प्रतिज्ञापत्र पाठवतो. अ‍ॅबेलची वकीलबाई फोनवर सरळ म्हणाली, "सर, तुमच्या कागदावर आता कोणाचा विश्वास नाही. समोर येऊन उत्तरं द्या." खरं बोलली. माझ्याकडे तेव्हाची निळी वही आहे. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल आई काय म्हणाली ते मी तिच्यात मराठीत टिपत असे. चिशिंबाच्या नावापुढे अळ्यांची गोष्ट आहे, आणि त्या अळ्या नोव्हेंबरात येतात. बाजूला माझ्याच अक्षरात: 'एक जून लावली.'

सत्यजित म्हणाला, "बाबा, तुम्ही तिथे जाऊन स्वतःलाच लायर प्रूव्ह करणार आहात."

मी म्हटलं, "प्रूव्ह करायचं राहिलंय काय? सहीशिक्क्यानिशी लिहून दिलंय."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"तर तू आहेस."

तो उठून गेला. सई म्हणाली, "आजोबा, जस्ट टेल देम यू फरगॉट." पोर मायेनं बोलली. पण सई, विसरलो म्हणणं हे दुसरं खोटं झालं असतं, आणि पहिल्याचंच अजून निस्तरतोय.

कलम ५. श्री. मोरेश्वर देवस्थळी, इथल्या मराठी मंडळातले, रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे. संक्रांतीच्या कार्यक्रमात चार माणसांत म्हणाले, "अहो, हे आफ्रिकेतले सगळे वय चोरतात." मी म्हटलं, "मोरेश्वरराव, चोर मी आहे." त्यांना हसू आलं. त्या दिवसापासून मी एकटा फिरतो. त्यांना मी काहीही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळत नाही त्यानंच साक्षीदार व्हावं असा नियम आहे, आणि तो मला फार आवडला. काल त्यांना ह्याचा कच्चा खर्डा वाचून दाखवला. म्हणाले, "द्या पेन इकडे. आणि कोट न्या, तिकडे गारठा असतो." त्यांचा कोट मी नेतो आहे. परत आलो तर तो त्यांचा त्यांना मिळेल.

कलम ६. ब्रसेल्सला पोचण्याआधी मी गेलो तर वही घेऊन सत्यजितनं स्वतः जावं आणि फुटबॉल मंडळापुढे उभं राहून ते पान मराठीत वाचून मग इंग्रजीत सांगावं. त्याला मराठी येतं. मी शिकवलंय, छडी मोडेपर्यंत. तो गेला नाही तर कलम १ रद्द, फ्लॅट माझी बहीण सुलभा हिला. माझ्या देहाला घाई नाही. अमेरिकेत देह थंड खोलीत हवे तेवढे दिवस थांबतो, सुनावणी थांबत नाही. दहावं-तेरावं मागाहून बघा.

मी तिथे जे बोलणार आहे ते हे. तारीख मी लावली. मुलाला काही ठाऊक नव्हतं. त्याची आई खरं बोलली होती. २००१ चं पत्र मी शुद्धीवर असताना खोटं लिहिलं. चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं त्या माणसाला हे म्हणताना लाज वाटते आहे, फार वाटते आहे. तरी माझ्या नावाला खोटारडा चिकटलं तर चालेल. त्याच्या नावाला नको. तो खोटं बोललेला नाही.

ह्याआधीचं माझं कोणतंही मृत्युपत्र नाही. यानंतरचं करायला मी हयात असलो तर आनंदच आहे.

स्थळ : फ्रिस्को, टेक्सास
दिनांक : ५ मार्च २००६, रविवार

साक्षीदार :
१. मोरेश्वर देवस्थळी (सही)
२. रत्ना मोघे, शेजारी (सही)

मृत्युपत्र करणार : एकनाथ गोविंद बोधनकर (सही)
जन्मतारीख : माहीत नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३४.