माझे फ्रेंच कपडे आणि बौशरचं दुकान कोणाकडे जावं याबद्दल

बिस्मिल्लाह.

मी, रुकय्या कासम बुरोंडकर, वय त्रेपन्न, माहेर-सासर दोन्ही दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली राहणार माबेला, मस्कत, धंदा शिवणकाम, हा कागद माझ्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. नाही म्हणणारे माझ्या घरात दोघे आहेत, त्यांची नावं पुढे येतील. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. मला फूस लावणारा अजून जन्माला यायचाय.

सोमवारी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं आहे. मी म्हटलं, साधं आहे तर एवढ्या कागदांवर सह्या कशाला घेता? त्या हसल्या. मग मीही एक कागद करायचं ठरवलं. मी मराठी शाळेत पाचवीपर्यंत गेले, पुढे बापाने घरी बसवलं. अक्षर वाकडं दिसेल. वाचणाऱ्याने नीट वाचावं, नाटकं करू नयेत.

कलम १. दाभोळच्या घरातला माझा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि बांगड्या शरियतप्रमाणे माझे शोहर कासम आणि माझा मुलगा सुफियान यांना जातील. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. आमच्या जमातीचे ताबिशभाई यांना हे मसले पाठ आहेत. ते म्हणाले, वारसाला मृत्युपत्राने जास्तीचं देता येत नाही, पण जो वारस नाही त्याला तिसऱ्या हिश्शापर्यंत देता येतं. मी विचारलं, सून वारस असते का? ते म्हणाले, "नाही भाभी, सुनेचा काही हक्क बसत नाही." मी म्हटलं, मग माझं काम झालं. ते चष्मा काढून बघत बसले. कलम दोन आणि तीन त्यांनीही वाचावं. दोन्ही मिळून तिसऱ्या हिश्शाच्या आत आहेत, अंदाज त्यांनीच केलाय.

कलम २. बौशरच्या दुकानातल्या तीन मशिनी, ओव्हरलॉक, इस्त्री, कापायचं टेबल, दोन्ही कात्र्या आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही हे सगळं माझी सून कुलसुम हिला. दुकानाचं लायसन अर्बाबच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या नावावर आहे. त्याला मी जाऊन भेटले. तो म्हणाला, मुलीला काम येतं ना? मी म्हटलं, माझ्याएवढं. तो म्हणाला, खलास, म्हणजे झालं तर. अरबाला दोन मिनिटांत समजलं ते माझ्या मुलाला चार वर्षांत समजलं नाही.

हे का लिहिते तेही लिहिते. ऑपरेशनची तारीख कळली त्या दिवशी सुफियान रुसैलहून कामावरून आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "अम्मी, देव न करो, पण तुला काही झालं तर दुकान बंद करू. मशिनींना गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. कुलसुमला दाभोळला ठेवू. घर उघडं राहील, अब्बा गावी गेले की त्यांना सोबत होईल."

मी विचारलं, "तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं?"

कुलसुम चार हातांच्या अंतरावर भाकऱ्या थापत होती. थापतच राहिली. ती कधीच काही बोलत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, रोज माझ्याबरोबर पाऊण तास गाडीत बसून बौशरला येते, गिऱ्हाईक बाईच्या खांद्याकडे एकदा बघून माप सांगते, पण घरात तोंडातून शब्द नाही. ह्या मुलीला गावी पाठवतील आणि ती जाईल, ही मला ऑपरेशनपेक्षा मोठी काळजी आहे.

कलम ३. माझे कपडे. याला जागा जास्त लागेल.

आमच्यात मयताचे कपडे गरिबाला वाटतात. चांगली गोष्ट आहे, सवाब मिळतो. पण माझी नणंद खुदेजाआपा चाळीस दिवस थांबणार नाही, चौथ्या दिवशी गाठोडं बांधेल. म्हणून सांगते, माझे साधे सलवार-सूट, दुपट्टे, अबाया खुशाल वाटा. लाकडी कपाटाच्या उजव्या खणातल्या वस्तूंना हात लावायचा नाही. त्या फ्रान्सच्या आहेत आणि त्या कुलसुमच्या आहेत.

सतरा वर्षांपूर्वी मला फ्रान्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दुकानात फ्रान्सची एलेन मॅडम आली, शेजारच्याच इमारतीत राहायची. एक निळं जॅकेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, बाही एक बोट आखूड. बस्स. मी जॅकेट बघितलं. खांदा उतरलेला, कंबर नाही, पोत्यासारखं. मला वाटलं, बिचारीला चुकीच्या मापाचं विकलं कोणीतरी आणि सांगायला लाजते. आपल्या बायका दुकानात आल्या की पहिला शब्द फिटिंग. मीही तशीच शिकलेली. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घेतलं, पुढे-मागे टक्स घातले, कॉलरला बक्रम लावलं, वर कडक इस्त्री. बाही केलीच.

मॅडमने अंगात घातलं आणि तिचा हात वर जाईना.

"रुकय्या, व्हेअर इज माय जॅकेट?"

"हेच की मॅडम. अब फिटिंग आया."

ती स्टुलावर बसली. रागावली नाही, पण तोंड पडलं. म्हणाली, हे माझ्या बापाचं, तो गॅरेजमध्ये कामाला होता, वीस वर्षं त्याने घातलं, मग मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी जादा कापड कापलं नव्हतं. मी कधीच कापत नाही, माया आत सोडते. तिला म्हटलं, यल्ला, संध्याकाळी या. शटर अर्धं ओढलं आणि उसवायला बसले.

उसवताना ते जॅकेट पहिल्यांदा उलटं केलं. आत एक धागा लोंबत नव्हता. प्रत्येक शिवण दुमडून दोनदा मारलेली, खिशाच्या कोपऱ्याला वेगळा टाका, काखेत हात फिरायला जागा मुद्दाम ठेवलेली. ते ढगळ नव्हतं, काम करणाऱ्याच्या अंगासाठी बेतलेलं होतं. सुफियानचे अब्बा रुसैलच्या फॅक्टरीत असलीच निळी डांगरी घालून जायचे आणि घरी आले की खुंटीला लपवून टांगायचे. तिकडे फ्रान्समध्ये लोक हाच कपडा रविवारी मानाने घालतात. त्या दिवसापासून मी डांगरी दारासमोर वाळत घातली.

मॅडम २०१६ साली मस्कत सोडून गेली. जाताना जॅकेट मला दिलं. मी म्हटलं, तुमच्या मुलाला द्या. म्हणाली, त्याला ते कळत नाही, तुला कळतं. तिने वारस सोडून शिवणकामवालीला दिलं. मीही तेच करतेय.

आता एकेक. कुलसुमने लक्ष देऊन वाचावं.

ते जॅकेट वेत्रा कंपनीचं. रंग विटलाय, तो विटलेलाच चांगला. पुन्हा रंगवू नको. कोपराला माझं रफू आहे, शोधून दाखव.

सेंट जेम्स कंपनीचे आडव्या पट्ट्यांचे तीन टॉप, तिकडचे खलाशी घालतात तसले. दोन सुती, एक लोकरीचा. बाह्या पुऱ्या, गळा बंद, अंगाला सैल, म्हणजे आपल्या पेहरावात बसतं, खाली लांब घागरा नाहीतर सैल विजार, वर ओढणी. एक मॅडमने दिला, दोन मी माझ्या कमाईने घेतले. लोकरीचा दोरीवर टांगू नको, ताणतो. टॉवेलवर आडवा वाळव, सावलीत. हा घालून मी सुफियानच्या साखरपुड्याला गेले तेव्हा खुदेजाआपा सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गो, खलाशाची बनियन घालून आलीस?" मी म्हटलं, "हो आपा, खलाशाचीच. माझा बाप खलाशी होता. तुझा काय होता ते सांगू?" ती अजून माझ्याशी सरळ बोलत नाही. मला पश्चात्ताप नाही.

आनियेस बी.चा काळा स्वेटर, पुढे वरपासून खालपर्यंत टिचबटणं. मॉलमध्ये एसी इतका लावतात की माणूस मासळीसारखा टिकावा, तिथे हा पाहिजे. नऊ वर्षं झाली, एक बटण सैल नाही. असं बटण मी अजून लावू शकले नाही, हेही कबूल करते.

ए.पी.सी.ची जीन्स, कडक कापडाची. विकणारी मुलगी म्हणाली, सहा महिने धुवू नका. मी घरी आणून त्याच दिवशी धुतली. मस्कतमध्ये सहा महिने न धुतलेला कपडा? काही झालं नाही तिला. लांबी माझ्या मापाची आहे, तू उंच आहेस, खाली दोन बोटं माया आहे, सोड.

लाकोस्तचा पांढरा पोलो, मगरवाला. सुफियानने कुठूनसा नकली आणला होता, म्हणे अम्मी ओळखून दाखव. मी उलटा केला आणि ओळखला. पती बातो कंपनीचे बनियन, वापरलेले फेका, दोन नवे खोक्यात आहेत. नावाचा अर्थ छोटी होडी, मॅडमने सांगितलेलं. लहान मुलांचे पण मिळतात, ते पुढचं तू बघ.

एवढंच. खण अर्धाही भरत नाही. लोकांची कपाटं भरून वाहतात आणि लग्नाला जायचं की घालायला काही नाही. माझे २०१७चे फोटो बघा आणि ह्या ईदचे बघा. कपडे तेच आहेत, जुनी झाले ती मी. कोणाला ओळखू येतं का सांगा. दुकानात नवीन काही घ्यायचं तर आधी उलटं करायचं. मॉलमधली पोरगी सांगेल, "मॅडम, सरळ बाजू ही." सांगू दे.

कलम ४. खुदेजाआपाला माझे चमकीचे सगळे सूट. तिला ते आवडतात आणि मला ते शिवताना डोळ्यांना त्रास झालाय, वसूल होऊ दे.

कलम ५. सुफियान, तू वाईट मुलगा नाहीस. तू माणसाला न विचारता त्याचं ठरवतोस, एवढंच. तुझ्या बापालाही ही खोड होती, मी काढली. कुलसुमने मनात आणलं तर ती तुझीही काढेल. ती मनात आणेल का, ते मी सांगू शकत नाही.

इथे कागद संपणार होता. खालचं नंतर वाढवलंय.

आज जुम्म्याची नमाज झाल्यावर मी हे सगळ्यांसमोर वाचलं. साक्षीला शेजारचे भानुदास कांबळे आणि त्यांच्या मिसेस ललिता. भानुदास इंजिनीअर आहेत, सही करण्याआधी वाचतात, म्हणून निवडले. ताबिशभाई होते. घरातले सगळे होते. खुदेजाआपा न बोलावता होती.

कलम दोनला सुफियान उठून उभा राहिला. "अम्मी, लोक काय म्हणतील? बायकोच्या दुकानावर जगतो?"

"तू जग तुझ्या पगारावर," मी म्हटलं. "खाली बस."

कलम तीन संपलं. कुलसुम दाराशी ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अम्मी, हे कपडे मला नकोत."

खुदेजाआपाने टाळी वाजवायची बाकी ठेवली. "बघ. मी म्हणत नव्हते? मयताचे कपडे कोण घालतं?"

"म्हणूनच," कुलसुम म्हणाली. "मयताचे मी घालणार नाही. द्यायचे तर आत्ता द्या. उद्या शनिवार, दुकान उघडायचंय. तुमच्या जागेवर बसायचं तर मी ह्या टिकल्यांच्या सुटात बसू?"

"कुलसुम!" सुफियान म्हणाला.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. हातातला ट्रे तिने त्याच्याच हातात दिला. "आणि अम्मी, दाभोळला मी जाणार नाही. मला कोणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. अब्बांना तिकडे सोबत लागेल तर महिना-महिना आळीपाळीने राहू. त्यांचा मुलगापण राहील."

सुफियान ट्रे घेऊन उभा. चार वर्षांत मी त्याला असा उभा बघितला नव्हता. सुफियानचे अब्बा कोपऱ्यातून म्हणाले, "चहा दे मग, निवतोय." त्याने चहा दिला. सगळ्यांना दिला, आपालाही.

ललिताताई पदराआड हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही. छाती एवढी भरून आली की पित्ताशय दुखायचं विसरलं.

ताबिशभाईंना विचारलं, आत्ता देता येतं का? ते म्हणाले, हयातीत दिलेली भेट, साक्षीदारांसमोर हातात द्यायची आणि घेणाऱ्याने कबूल करायची, झालं. मी उठले, उजवा खण रिकामा केला, कपडे तिच्या हातात दिले. ती म्हणाली, कबूल. आणि लगेच एकेक उलटा करून बघायला लागली.

म्हणून कलम ३ रद्द. दिलेलं मृत्युपत्रात राहत नाही. कलम २ राहू दे, पण चाव्या तिला आजच दिल्यात.

एक अडचण झाली. सोमवारी हॉस्पिटलला काय घालून जायचं? बाकीचे सूट सगळे मीच काल वाटायच्या गाठोड्यात बांधून ठेवलेले. कुलसुमला विचारावं लागलं. तिने थोडा विचार केला आणि एक जोड काढून दिला. उसना आहे, बुधवारी धुऊन परत पाहिजे म्हणाली. तेव्हा मला घरी यावंच लागेल.

वर लिहिलेलं सगळं मी मोठ्याने वाचलं, हाताने लिहिलं, कोणाच्या दबावाखाली नाही, फक्त एका सुनेच्या सांगण्यावरून एक कलम खोडलं. खोडल्या जागी माझी आणि दोघा साक्षीदारांची छोटी सही आहे.

लिहून देणार: रुकय्या कासम बुरोंडकर

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
१. भानुदास कांबळे, माबेला (दोनदा वाचून सही करत आहे)
२. ललिता भानुदास कांबळे, माबेला

कलम ३ मधल्या वस्तू मिळाल्या, बरोबर आहेत, जीन्सची लांबी सोडायला घेतली आहे: कुलसुम सुफियान बुरोंडकर

ठिकाण: माबेला, मस्कत
तारीख: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५