पंपाच्या खोलीतला कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर
धन्य आहे! बिबट्या कॅमेऱ्यात दिसला की तीन सेकंदांत सायरन वाजवणारा प्रोग्राम मी लिहिला. आज भरदुपारी बिबट्या उसातून निघून बांधावर निवांत बसला, अख्ख्या वस्तीनं पाहिला, आणि सायरन गप्प. का? गेणभाऊंनी कॉम्प्युटर बंद ठेवला होता.

गेणभाऊ वस्तीचे पाणीवाले. येडगाव धरणाच्या काठी पंपाची खोली आहे, तिथंच कॉम्प्युटर, म्हणून तोही त्यांच्याच ताब्यात. म्हणाले, "ताई, रोज दुपारी तासभर इसावा देतो त्याला. मोटार तापली की बंद करतोच की आपन. ह्यो तर रातंदिस चालतोय." कॉम्प्युटरवर टॉवेलसुद्धा पांघरवला होता. यांच्या हातात वस्तीचा जीव!

४ नोव्हेंबर
तोंडी सांगून पटणार नाही. आकडेच दाखवते. प्रोग्राममध्येच मोजणी घातली — दर सेकंदाला प्रोसेसरवर भार किती, मेमरी भरली किती, मशीनवर काय काय चालू आहे त्याची पूर्ण यादी. आलेख पटकन दिसावा म्हणून सगळ्या नोंदी मेमरीतच ठेवल्या. दीड तासात काम फत्ते. पुण्यातल्या माझ्या जुन्या ऑफिसात एवढ्यासाठी दोन मीटिंगा झाल्या असत्या, आणि तिसरीत समोसे.

६ नोव्हेंबर
गेणभाऊंना समोर बसवून आलेख दाखवला. निळी रेघ प्रोसेसरची, पस्तीस टक्क्यांच्या वर जातच नाही. "दमलाय का हा? सांगा." गेणभाऊ आलेखाकडं वाकले. मग बोट ठेवलं ते नेमकं मेमरीच्या लाल रेघेवर.

"ही वर का चाललीय?"

"फोटो साठतात. उतरेल आपोआप."

"म्या बंद केल्याबिगर ती कशी उतरंल?"

आता मेमरी म्हणजे काय हे मी यांना कुठून शिकवू? साठ टक्केच तर भरली होती. सायरन कमिटीचे दादाभाऊ शेजारीच होते, त्यांच्यादेखत बजावलं — यापुढं बटणाला हात लावायचा नाही. गेणभाऊ "बरं" म्हणाले. चेहरा पाडून. पाडू देत.

७ नोव्हेंबर
दुपारभर कॉम्प्युटर चालू. सुटले एकदाची.

८ नोव्हेंबर
लंकाबाईंवर बिबट्यानं झडप घातली. गेणभाऊंच्या कारभारीण. दिवस मावळताना बांधावर गवत कापत होत्या. सायरन वाजला नाही. उसतोडीची माणसं ओरडत धावली म्हणून वाचल्या. खांद्याला अठरा टाके.

सगळ्यांच्या तोंडी एकच — गेणभाऊंनी परत बंद केला. मलाही तेच वाटलं. माणूस सुधारायचाच नाही म्हटल्यावर काय करणार!

९ नोव्हेंबर
सकाळी पंपाच्या खोलीत गेले, पुरावा काढायला. कॉम्प्युटर चालूच होता. सहा तारखेच्या दुपारपासून एकदाही बंद झालेला नाही. बंद पडला होता तो माझा प्रोग्राम. काल दुपारी तीन बावन्नला. मेमरी संपली म्हणून.

पूर्ण मशीनची मेमरी मी दर सेकंदाला मोजत होते. त्यातली माझ्या प्रोग्रामची किती, हे एकदाही विचारलं नव्हतं. आज परत चालू केला आणि विचारलं. तासाभरात कळलं. फोटोंची जागा जवळजवळ काहीच नाही. सगळी जागा माझ्या नोंदींची. दर सेकंदाची ती पूर्ण यादी, एकावर एक, एकही न पुसता. गेणभाऊ दुपारी बंद करायचे तेव्हा ती आपसूक रिकामी व्हायची.

वीस ओळी खोडल्या. लाल रेघ आता आडवी आहे.

१० नोव्हेंबर
समाजमंदिरात बैठक. पाणीवाल्याचं काम गेणभाऊंकडून काढून घ्यायचं ठरत होतं. ते उभे राहिले. "ताईनं सांगितल्यापासनं म्या हात लावला न्हाई. ताई, तुमी तरी सांगा." खांद्याला पट्टी बांधलेल्या लंकाबाईही माझ्याकडं बघत होत्या.

दादाभाऊंनी विचारलं, "मॅडम, प्रोग्राममधी काय चूक व्हती का?"

मी म्हणाले, "नाही."

लंकाबाई उठल्या आणि नवऱ्याशी एक शब्द न बोलता बाहेर गेल्या.