पैनगंगेतली चौकशी

तीर्थस्वरूप उद्धवमामांस,

चिंतामणीचा जैनथहून साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? (तेल लावताना त्या बोलत नसतील तर फारच दुखत असावा.) मुधोळकडे सोयाबीन बरं असेल असं धरून चालतो, नाहीतर पत्राऐवजी तुमचा फोन आला असता.

रूपालीसाठी जयदीपचं स्थळ आलंय, तो तुझ्याच शाळेत शिकवायला येतो, तेव्हा नीट चौकशी करून कळव, असं तुम्ही लिहिलंत. तर ऐका. हा गृहस्थ हैदराबादच्या एका संस्थेतर्फे येतो आणि नववीच्या पोरांना पाणलोट क्षेत्र अन् नाव चालवणं शिकवतो. ज्यांचे आजे पैनगंगा पोहून पलीकडे सोयरिकी जमवून आले, त्या पोरांना हा ‘नदी म्हणजे काय’ इथून सुरुवात करतो. पहिल्या दिवशी मैदानात मातीचा डोंगर केला, वरून तांब्यानं पाणी ओतलं आणि पाणी कुठं जातं ते बघा म्हणाला. पाणी हेडमास्तरांच्या बुटात गेलं. पोरांनी तसंच लिहून घेतलं (आकृतीसह).

दुसऱ्या दिवशी नाव. नावाडी मोतीरामनं रिवाजाप्रमाणे नदीला नारळ फोडला. तोवर ह्यानं गुडघाभर पाण्यासाठी अकरा पोरांना फुगीर जाकिटं चढवली. मोतीराम म्हणाला, “सर, मधातून नोका जाऊ, रेती हाय. काठानं घेतो.” पण नकाशात खोल पाण्याची निळी रेघ मधोमध होती, आणि शिकलेली माणसं नावाड्याचं कशाला ऐकतात? नाव मधोमध गेली आणि रेतीवर बसली. अडीच तास. म्हशी पाणी प्यायला आल्या, पिऊन गेल्या. शेवटी नववीतली मीनल कंटाळून खाली उतरली, तिच्यामागं सगळी पोरं उतरली आणि नाव हलकी होऊन आपोआप तरंगली. एवढी अक्कल एकाही मास्तराला सुचली नव्हती.

हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर जयदीपला झाडलं. हा मान खाली घालून उभा. असल्या लेच्यापेच्या माणसाला पोरगी देऊन काय करायचं? माझ्या मते सरळ नकार कळवावा.

आपला भाचा,
चिंतामणी

ता. क. : तो नकाशा मी काढलेला आहे, पाच वर्षांपूर्वी. त्यानंतर नदीनं रेती कुठून कुठं नेली ते मी बघायला गेलो नाही. मोतीरामला “गुमान मधून घे” म्हणणाराही मीच. माझ्या बढतीचा कागद हेडमास्तरांच्या टेबलावर आहे, हे जयदीपला ठाऊक होतं. नकाशा कुणाचा असं त्यांनी विचारलं, तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “चूक माझी आहे, सर.” मी गप्प बसलो. तेव्हापासून त्याचा राग येतोय मला.

आणखी एक : नकार कळवू नका. रूपालीला विचारा, आणि ती हो म्हणाली तर त्याच्या घरी जाताना मला सोबत न्या. त्याच्यासमोर एकट्यानं जायची माझी हिंमत होत नाही.