तळ्याच्या वाटेचा कागद

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज लिहायला बसलो ते चांगलं काही कळवायला नव्हे. मला माझीच किळस आलीय, आणि हे घरात कुणाला सांगण्याजोगं नाही.

जुनी मोडी लिपी तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलीत. आई सांबारासाठी चिंच कोळत असायची आणि तुम्ही पाटावर तांदळाचं पीठ पसरून बोटानं अक्षरं काढायचात. एकदा अडलेला शब्द मी अंदाजानं ठोकून दिला. तुम्ही पीठ पुसलंत. 'अक्षर लागत नसेल तर नाही म्हण. लागत असेल तर नाही म्हणू नको,' एवढंच बोललात. त्या दिवशी मी ताटावरून तसाच उठलो.

आता आमच्या कचेरीत मोडी वाचणारा मी एकटाच. ओरत्तनाडूकडच्या एका गावाबाहेर इंधनाचा साठा आहे. सुरक्षेसाठी म्हणून त्याच्याभोवती भिंत घालायचं ठरलं, आणि तळ्याकडे जाणारी पाऊलवाट त्या भिंतीच्या आत चालली. म्हणजे वस्तीतल्या बायकांनी पाण्यासाठी हमरस्त्यावरून, लॉऱ्यांच्या मधून, लांबचा वळसा घ्यायचा. त्यांनी तक्रार केली, आणि मराठी राजांच्या वेळच्या छत्राच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, जुन्या दप्तरातून एक मोडी कागद निघाला. तो माझ्याकडे आला. वाट सर्वांची, कोणी अडवू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. एक अक्षर अडलं नाही.

बैठकीत जो तो आपलं घोडं दामटत होता. पोलिसांना भिंत हवी, पाटबंधारेवाल्यांना तळं आपल्या ताब्यात हवं, भातगिरणीच्या मालकाला त्याच भिंतीत फाटक हवं. सुरक्षा म्हणे इतकी नाजूक, की कडेवर घागर घेतलेली बाई तिला चालत नाही. मालकाच्या लॉऱ्या मात्र चालतात. फाटक मंजूर झालं, वाट गेली. बळी तो कान पिळी, दुसरं काय. मग कॉफी आली, वडे आले, ज्यांनी हे केलं ते बोटं चाटत बसले. मीही दोन वडे खाल्ले.

उठताना साहेब हळूच म्हणाले, "सर, कागद फार जुना आहे. वाचता येत नाही असं लिहून टाका. तिकडे लांब रामनाथपुरात बदलीसाठी एक जागा रिकामी आहे, आणि तुमच्या मिसेसचं डायलिसिस तर इथंच चालू आहे, नाही का?" किती काळजीनं विचारलं मेल्यानं. मी टेबलाशी गेलो, 'मजकूर वाचनीय नाही' असं लिहिलं, खाली सही केली.

काल वस्तीतली एक म्हातारी कचेरीच्या पायरीवर माझी वाट बघत बसली होती. तमिळमध्ये म्हणाली, "अय्या, इतकं जुनं अक्षर, तुम्ही तरी काय करणार? डोळे फोडून बघितलंत, तेवढं पुरे." मी म्हटलं, "होय अम्मा, फार बघितलं." तिनं मला हात जोडले.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकतो. तिनं हात जोडले तेव्हा मला लाज वाटली नाही, अप्पा. सुटलो, असं वाटलं.