पाहुण्यांचा कळप

तीर्थरूप आबांना मल्हारचा दंडवत.

मी इथं परमुलखात मजेत हाय. काम फुटबॉलच्या मैदानावर, सावलीतलं हाय. परदेशातून सामना बघायला आलेल्यांना सूचना द्यायच्या.

सामना संपला की पाहुण्यांना बसवून ठेवतो आन् इथल्या लोकांना आधी जाऊ देतो. तळ्यावर दुसऱ्याचा कळप जाईस्तोवर तुमी आपली मेंढरं अडवता, तसंच. मला शिकवावं लागलं न्हाई, म्हणून साहेब लय खूश हायेत.

लंगड्या मेंढीला पालमहून औषध आणलं का?

पाहुण्यांना दिवसभर एकच सांगतो, पासपोर्ट कुणाच्याबी हातात देऊ नका, त्याच्याबिगर घरी जाता यायचं न्हाई.

माय दिवाळीला घरी येतो का इचारायलीय ना? तिला म्हणावं, माझा पासपोर्ट हरवायची भीती न्हाई. कंपनीनं आल्या दिवशीच कपाटात ठिवलाय. किल्ली साहेबाकडं असती.

तुमचा लेक,
मल्हार