पाणी तोडलेली बाग

९ मार्च १९५८
आजपासून पेरूच्या बागेचं पाणी तोडलं. मोटेचा पाट यांनी बांधावरच मातीनं बुजवला, हात झटकले नि म्हणाले, "आते मिरगपावत आठे पानीना थेंब नै." यंदा पहिल्यांदाच बहार धरायचाय. पाणी तोडलं की पानं गळतात, झाड निजतं, मग मृगाच्या पावसावर फुलांनी भरतं. त्याला ताण देणं म्हणतात. कळतं मला सगळं, सातवी शिकलेय. तरी पाट बुजताना बघवेना. घरी आले. भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कोठे शे तुन्हं?"

१४ मार्च
हे नंदुरबारला गेलेत. घर कसं गप्प. सुमी असती तर आत्तापर्यंत दहा वेळा पायात आली असती.
पोळ्याच्या आधी गेली माझी पोर. सात महिने होत आले. लोक म्हणतात विसर पडतो. कोणाला पडतो देव जाणे.

२३ मार्च
पानं पिवळी पडायला लागली. हे खुशीत. बायकोपेक्षा झाडांकडे जास्त बघतात, म्हणून मी चिडवायचे पूर्वी. आज नाही चिडवलं.

३० मार्च
लिहू नये म्हणत होते. लिहितेच.
सुमीला हगवण लागली तेव्हा सा.बा. म्हणाल्या, पाणी देऊ नको, पाण्यानं वाढते. त्यांच्या घरात असंच करत आलेत. पोर "माय, पानी दे ना" करत राहिली. ओठाला ओला बोळा लावायचा, बस. हे मजूर बघायला गेले होते, येईपर्यंत बोलणंही थांबलं होतं तिचं.
नंतर भावाकडे नंदुरबारला गेले तर शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, हगवणीत पाणीच तर द्यायचं असतं!" सहज म्हणाल्या बिचाऱ्या. त्यांना काय माहीत. मी तशीच उठून मोरीत गेले नि तोंडात पदर कोंबला.
घरी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, पोर येणार आहे?

५ एप्रिल
दुपारी डबा घेऊन गेले. विहिरीकडच्या ओळीतल्या झाडांची पानं मुडपून लोंबत होती. हे झोपले होते निंबाखाली. कळशी भरली नि ओतली. मग दुसरी. मग ओळच्या ओळ. माती चर्र करून पाणी पीत होती. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

६ एप्रिल
परत घातलं.

११ एप्रिल
पकडले गेले. ओळीतली आळी ओली, झाडांना हिरवी पालवी. हे आधी सालदार गड्यावर ओरडले. त्या गरिबाला कशाला, मी म्हटलं, "मी टाकं पानी."
"काबर?"
"सुकी ऱ्हायन्थात."
"अवं, सुकाले नको का! ताण नै दिधा ते बहार कसा येई? चार वरीस जीव लावा मी ह्या झाडेसले! झाड काय पानी मांगस का?"
"सुमी मांगे ना!"
तोंडातून निघून गेलं. मग थांबेना. नर्सबाईंचं सगळं सांगून टाकलं. हे तसेच उभे, हातात खुरपं. म्हणाले, "मायले सांगू नको." एवढंच.
माझ्या पोरीसाठी एक शब्द नाही. मायची काळजी! संताप संताप झाला.

१३ एप्रिल
अबोला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं चाललंय.

१५ एप्रिल
अबोला त्यांनीच मोडला. सकाळी दाराशी थांबून, माझ्याकडे न बघता: "इहिरकडली वळ तुन्ही. तिले पानी दे. बाकीन्याले हात लाऊ नको." नि गेले.
त्या ओळीला यंदा फळ धरणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मनातला राग अर्धा उतरला. अर्धा आहे अजून.

२० एप्रिल
अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, तोंडावर. गल्लीत माहेरवाशिणी आल्यात, निंबाला झोके बांधलेत, गाणी चाललीत. भावाचा निरोप होता ये म्हणून. नाही गेले. झोक्यावर कोणाला बसवू?
कुंभारणीकडून घागर घेतली सासऱ्यांच्या नावाची. एक लहानगीही घेतली.

आखाजी
सासऱ्यांची घागर भरली, वर डांगर ठेवलं, सांजोऱ्यांचा निवद. गेलेल्या माणसाला उन्हाळ्याचं पाणी पोचावं म्हणून हे सगळं. मी लहानगी घागर शेजारी ठेवायला गेले तर सा.बा.: "हाई कोनी?"
"सुमीनी."
"पोरनी घागर नै भरतस. जेठा मानूसनीच भरतस."
"मरतानाबी पानी नै, मरावरबी नै! तुमनंच चालू द्या," म्हटलं मी. यांनी मान खाली घातली. मग मीच ते बोलले, जे बोलू नको म्हणून बजावलं होतं. पाण्यावाचून गेली पोर, डॉक्टरी जाणणारी बाई सांगते.
वाटलं होतं शिव्या घालतील. सा.बा. हळूच खाली बसल्या. बोलल्या त्या भिंतीशीच: "मन्हा बी दोन लेकरं गयात असाच. मन्ही सासूनी बी पानी बंद करेल व्हतं." मग एकदम माझ्याकडे वळून, "खोटं बोलस ती नर्स. खोटं बोलस!"
लहानगी घागर मी बागेत नेऊन रिती केली. जीव हलका व्हायचा तो झालाच नाही.

१० मे
सा.बा. माझ्याशी कामापुरतं बोलतात. जेवण अर्ध्यावर. हे म्हणतात, "तुले सांगेल व्हतं ना." सांगितलं होतं. पण मी का एकटीनं वाहायचं?

१२ जून
मृग लागला, पाऊस बरा.

२९ जून
बाग फुलली! पांढरीशुभ्र, मधमाश्यांचा नुसता घोंघाट. हे ओळीओळीतून फिरतात, फुलाला हातसुद्धा लावत नाहीत. माझ्या ओळीत नुसता पाला. हिरवागार, दाट, फूल औषधालाही नाही. हे चेष्टेनं म्हणाले, "तुन्ह्या शेळ्यासनी सोय झायी." हसले मी. खूप महिन्यांनी.

७ जुलै
सा.बा.ना हगवण. पहाटेपासून. नव्या पाण्याची असेल, गावात अजून दोघांना आहे. पाणी देते तर दात घट्ट आवळून घेतात. "नको. पानीनं वाढस." हे विनवतात, ऐकत नाहीत. डॉक्टरला आणायला बैलगाडी जुंपून निघालेत, पण नाल्याला पूर आहे.
मला कळतं त्या का पीत नाहीत. प्यायल्या नि बऱ्या झाल्या तर नर्सबाई खरी ठरते. मग सुमी कोणामुळे गेली? ती दोन लेकरं कोणामुळे गेली? त्यापेक्षा मेलेलं बरं वाटतंय म्हातारीला.
माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. चांगलं नव्हतं.

८ जुलै
हे अजून आले नाहीत. सा.बा.चे डोळे खोल गेलेत. हाताचं कातडं चिमटीत धरलं तर तसंच उभं राहतं. सुमीचं असंच झालं होतं. राग राहिला नाही हो, नुसती भीती वाटली.
माझ्या ओळीतला पाला ओरबाडून आणला. पेरूच्या पाल्याचा काढा त्यांना चालतो, औषध ते. सुमीलाही दिला होता, घट्ट, दोन चमचे. आज मी मूठभर पाला नि तपेलंभर पाणी उकळलं. मीठ, गूळ टाकला. तांब्याभर तोंडाशी नेला.
पहिल्याच घोटाला थांबल्या. "हाऊ काढा शे का पानी?"
"काढा."
"लई पातय शे."
"काढाच शे, माय. प्या."
डोळे मिटून प्यायल्या. सगळा. दुसरा तांब्याही. मी तोंड पुसलं तर मनगट धरलं माझं, त्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.
"सुमीले बी आशीच लबाडी करीसन काबर नै पाजं तू?"
टोमणा नव्हता. रडत होत्या. खरंच विचारत होत्या.
हात सोडवून चुलीशी आले. तपेलं पुन्हा भरून ठेवलंय, उकळी यायचीय अजून.